सकारात्मक मानसशास्त्राची पदवी: घ्यावी, पण कशासाठी?

गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. मानसशास्त्रात बी.ए. किंवा एम.ए. केलेली मुलं-मुली, शिरवळच्या कारखान्यांत एचआरमध्ये काम करणारे, काही शिक्षक विचारतात, "डॉक्टर, उपयोजित सकारात्मक मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यावं का? त्याला स्कोप आहे का?" पेशंटचा प्रश्न वेगळा असतो. "हा कोर्स केलेल्या कोचकडे गेलो तर माझ्या गोळ्या बंद होतील का?"

माझं मत आधीच सांगतो. शिक्षण जरूर घ्यावं, ते उपयोगाचं आहे. पण ती आजार बरा करण्याची पदवी नाही. हा फरक शिकणाऱ्याला आणि पेशंटला माहीत नसेल तर नुकसान पेशंटचं होतं.

हे शास्त्र आलं कुठून?

मार्टिन सेलिगमन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. १९६० च्या दशकात त्यांनी आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. काहीही केलं तरी त्रास टळत नाही असा अनुभव वारंवार आला, की पुढे सुटकेची वाट समोर असूनही अनेक कुत्री हालचाल करेनात. याला त्यांनी 'शिकलेली असहायता' म्हटलं. म्हणजे ज्यांच्या नावाशी सकारात्मक मानसशास्त्र जोडलं जातं, त्यांची सुरुवात हताशपणाच्या अभ्यासातून झाली.

१९९८ मध्ये ते अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले. मानसशास्त्राने आजारांचा खूप अभ्यास केला, आता माणसाचं आयुष्य चांगलं कशाने होतं याचाही करावा, असा आग्रह त्यांनी धरला. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात या विषयाची उपयोजित पदव्युत्तर पदवी सुरू झाली. मग इतर देशांतही असे अभ्यासक्रम आले. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एम.ए. मानसशास्त्रातला एक पेपर म्हणून हा विषय भेटतो, शिवाय डिप्लोमा आणि ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स आहेतच.

सेलिगमन चांगल्या आयुष्याचे पाच भाग सांगतात: आनंदाच्या भावना, कामात रमणं, नाती, जगण्याला अर्थ आणि काहीतरी साध्य केल्याचं समाधान. आनंद हा पाचातला एकच भाग आहे हे लक्षात घ्या. 'सतत हसत राहा' असं हे शास्त्र सांगत नाही.

पदवीचा खरा उपयोग

यातला एक सोपा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकला असेल. रोज रात्री दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि त्या का घडल्या तेही लिहायचं. २००५ च्या एका अभ्यासात आठवडाभर असं करणाऱ्यांना पुढे सहा महिने थोडं बरं वाटल्याचं दिसलं. मात्र नंतर अशा उपायांचे अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा फायदा सुरुवातीला वाटला त्यापेक्षा लहान निघाला. उपाय बिनखर्चाचा आहे, अपायही सहसा नाही, जरूर करा. पण त्याला औषध म्हणू नका.

हा फरक ओळखता यावा, हा पदव्युत्तर शिक्षणाचा मुख्य उपयोग मी मानतो. निक ब्राउन यांचं उदाहरण बघा. कॉम्प्युटरच्या क्षेत्रात नोकरी करणारे, पन्नाशीच्या आसपासचे हे गृहस्थ युनिव्हर्सिटी ऑफ ईस्ट लंडनमध्ये उपयोजित सकारात्मक मानसशास्त्र शिकायला गेले. वर्गात त्यांना २००५ चा एक गाजलेला शोधनिबंध शिकवला गेला. बार्बरा फ्रेडरिक्सन आणि मार्शल लोसाडा यांनी त्यात म्हटलं होतं की सकारात्मक भावनांचं नकारात्मक भावनांशी प्रमाण २.९०१३ च्या वर गेलं की माणूस बहरतो. माणसाच्या मनाचं मोजमाप चार दशांश स्थळांपर्यंत! ब्राउन यांना शंका आली. भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन सोकल आणि मानसशास्त्रज्ञ हॅरिस फ्रीडमन यांच्या साथीने त्यांनी ते गणित तपासलं आणि त्याला आधार नसल्याचं २०१३ मध्ये त्याच नियतकालिकात छापून दाखवलं. निबंधातला गणिताचा भाग मागे घेतला गेला. चांगल्या भावनांचा उपयोग होतो, या मतावर फ्रेडरिक्सन ठाम राहिल्या. तो आकडा मात्र गेला.

विद्यार्थ्याला असा प्रश्न विचारायचं बळ देणारा कोर्स चांगला. फक्त टाळ्या वाजवायला शिकवणारा कोर्स फुकट मिळाला तरी महाग.

आपल्याकडची विवेकाची वाट

महाराष्ट्राला हा विचार अगदी नवा नाही. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच संस्थेने मानसिक आरोग्य सामान्य माणसापर्यंत नेण्याचं काम केलं. या पद्धतीत भर 'सकारात्मक'पेक्षा 'विवेकी' विचारावर असतो. हातचं पीक पावसाने गेलं तर वाईट वाटणारच, ते योग्यच आहे. 'जे होतं ते चांगल्यासाठी' असं त्या शेतकऱ्याला सांगणं क्रूरपणा आहे. 'नुकसान मोठं आहे, पण म्हणून मी नालायक ठरत नाही' हा विवेकी विचार.

कारखान्यांबद्दलही हेच म्हणेन. रात्रपाळी, ओव्हरटाइम आणि कंत्राटी नोकरीची टांगती तलवार डोक्यावर असलेल्या कामगाराला एक दिवसाचं 'आनंदी राहा' वर्कशॉप देऊन काय होणार? त्याला आधी झोप आणि साप्ताहिक सुट्टी द्या. हे शिकलेल्या एचआर अधिकाऱ्याने मॅनेजमेंटला एवढं सांगण्याची हिंमत दाखवली, तर त्याची पदवी सार्थकी लागली.

डॉक्टर म्हणून काळजी कशाची?

दोन आठवडे किंवा जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास असणं, कशातच रस न वाटणं, झोप आणि भूक बिघडणं, थकवा, लक्ष न लागणं, स्वतःला दोष देत राहणं, मरणाचे विचार येणं ही डिप्रेशनची लक्षणं आहेत. अशा माणसाला घरचे, मित्र आणि मोबाइलवरचे व्हिडिओ एकच सांगतात, 'पॉझिटिव्ह राहा'. त्याला ते जमत नाही, कारण आजारामुळेच ती ताकद गेलेली असते. मग 'एवढंही मला जमत नाही' हा नवा अपराधीपणा मागे लागतो आणि उपचाराला उशीर होतो. तो उशीर जिवावर बेतू शकतो.

शिवाय थायरॉइड कमी असणं, बी-१२ ची कमतरता, रक्त कमी असणं, दारू, काही औषधं यांमुळेही मन मरगळतं. ते तपासणीतच कळतं.

शिकणाऱ्यांना आणि पेशंटना

प्रवेश घेण्याआधी चार गोष्टी विचारा. विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का? संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र शिकवतात का? अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करायला मिळतं का? पेशंट पुढे कधी पाठवायचा हे शिकवतात का? आणि हे पक्कं ठेवा की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं वेगळं शिक्षण आणि नोंदणी लागते. शिक्षक, नर्स, समुपदेशक, एचआर यांनी आपल्या मूळ कामाला जोड म्हणून हा विषय घेतला तर मला आनंदच आहे. आम्हा डॉक्टरांनीही शिकण्यासारखं त्यात बरंच आहे.

पेशंटनी कोचला एकच प्रश्न विचारावा: "तुमच्याकडे कोणाला घेत नाही?" 'सगळ्यांना घेतो' असं उत्तर आलं तर उठून या. 'गोळ्या सोडा' असं कोणी सांगितलं, तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. गोळ्या अचानक बंद केल्याने त्रास होऊ शकतो.

मनात मरणाचे विचार असतील तर थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका, थेट जवळच्या दवाखान्यात आणा. वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहिणं बरं वाटू लागल्यावरही करता येईल.