पंचाची खुर्ची : टेबलावरच्या गेम मास्टरकडून ऑनलाइन खेळांनी काय घ्यावे?

१/
ऑनलाइन व्हिडिओ गेममध्ये लाखो माणसे एकाच जगात वावरतात; तरी आपण तिथे असलो काय, नसलो काय, त्या जगाला काही फरक पडत नाही, असे अनेकांना जाणवले असेल. उलट चार मित्र, एक टेबल, काही फासे आणि एक गेम मास्टर एवढ्यावर उभे राहिलेले जग आपल्या प्रत्येक कृतीला उत्तर देते. हा फरक का पडतो, हे समजून घेण्यासाठी दोनशे वर्षे मागे जावे लागेल. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलटॉप भूमिका-खेळात प्रत्येक खेळाडू एक पात्र होतो. उरलेले सारे जग, म्हणजे शत्रू, बाजार, पाऊस, नाक्यावरचा पहारेकरी, हे सर्व एकटा गेम मास्टर चालवतो. खेळाडू म्हणतो, "मी पहारेकऱ्याला लाच देतो." नियमपुस्तकात लाचेचा उल्लेख नसला तरी गेम मास्टरला उत्तर द्यावेच लागते. "तशी सोय नाही" हे वाक्य त्याला उच्चारता येत नाही.

३/
मी स्वतः पुण्यात मैत्रिणींसाठी असा एक खेळ चालवला. स्थळ चौल बंदर, काळ सोळावे शतक. निजामशाही, पोर्तुगीज, हेरगिरी असा कट मी तीन आठवडे खपून रचला होता. पहिल्याच संध्याकाळी मंडळींनी हेराकडे साफ दुर्लक्ष केले, कर्ज काढून एक गलबत घेतले आणि घोड्यांच्या व्यापारात उडी टाकली. माझी वही वाया गेली. खेळ मात्र आठ महिने चालला. त्या आठ महिन्यांत जे शिकले, त्याचा उगम मला पुढे वाचनात सापडला.

४/
तो उगम प्रशियाच्या सैन्यात आहे. बॅरन फॉन राइसविट्झ यांनी १८१२ मध्ये राजासमोर एक युद्धखेळ मांडला होता. त्यांचा मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्याने १८२४ मध्ये त्या खेळाची सुधारलेली नियमावली प्रसिद्ध केली. नाव 'क्रीग्सश्पील', म्हणजे युद्धखेळ. बुद्धिबळासारख्या घरांऐवजी १:८००० प्रमाणाचा नकाशा, आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच.

५/
हा पंच केवळ गुण मोजणारा नव्हता. दोन्ही बाजू आपापले हुकूम त्याच्याकडे लिहून देत. शत्रूची कोणती तुकडी कोणाला दिसते, हे तोच ठरवी. फासे टाकून हानी मोजण्याचे कामही त्याचेच. खेळाडूला जगाचे जेवढे ज्ञान मिळे, ते या एका माणसाच्या तोंडून मिळे. आजच्या गेम मास्टरचा पूर्वज तो हाच.

६/
पण नियम वाढत गेले, कोष्टके जाड झाली, आणि खेळ संथ झाला. १८७६ मध्ये युलियस फॉन व्हर्डी द्यू व्हर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने धाडसी उपाय सुचवला. कोष्टके बाजूला ठेवा आणि अनुभवी पंचाच्या निर्णयावर विश्वास ठेवा. यालाच 'मुक्त क्रीग्सश्पील' म्हणतात. सगळ्या शक्यता आधी लिहून ठेवता येत नाहीत, हे प्रशियन शिस्तीत वाढलेल्या माणसाने मान्य करावे, ही मला या इतिहासातील फार मोठी घटना वाटते.

७/
आता अमेरिकेत, १९६९ मध्ये. मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली या तरुणाने 'स्ट्रॅटेगोस' हे १८८० चे अमेरिकन युद्धखेळाचे पुस्तक वाचले होते. खेळाडूने काहीही करायचे म्हटले तरी पंचाने त्याचा विचार करावा, हे सूत्र त्याने तिथून उचलले. मग त्याने 'ब्राउनस्टाइन' नावाचे एक काल्पनिक जर्मन गाव रचले आणि सैन्याच्या तुकड्यांऐवजी खेळाडूंना नगराध्यक्ष, सावकार, विद्यापीठाचा कुलपती अशा भूमिका वाटल्या.

८/
लढाई सुरू होण्याआधीच खेळाडू आपापसात खलबते करू लागले. दोघांनी तर द्वंद्वयुद्ध ठरवले, ज्याची वेस्लीने कल्पनाही केली नव्हती. आपला प्रयोग फसला, असे त्याला वाटले. खेळाडूंनी मात्र पुन्हा खेळण्याचा आग्रह धरला. त्यांच्यातल्याच डेव्ह आर्नेसनने पुढे 'ब्लॅकमूर' हे जग उभारले. आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये छापला गेला. पहिली आवृत्ती १००० प्रतींची होती.

९/
या वंशावळीतून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. गेम मास्टर म्हणजे उत्तम कथा सांगणारा, ही समजूत अपुरी आहे. ही भूमिका कथाकारापासून आलेली नाही, पंचापासून आली आहे. ऐकणे, निवाडा देणे आणि आपला बेत मोडला तर तो मोडू देणे, ही त्याची तीन कामे. कथा ही या कामांतून मागाहून तयार होते. ऑनलाइन खेळांनी गेम मास्टरकडून कथा घेतली आणि पंचाची खुर्ची रिकामी ठेवली, असे माझे मत आहे.

१०/
सुरुवातीला तसे नव्हते. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' हे केवळ मजकुरावर चालणारे सामायिक जग घडवले. त्यात सर्वोच्च पायरी गाठलेल्या खेळाडूला 'विझार्ड' हा दर्जा मिळे आणि जग चालवण्याचे काही अधिकारही. नियम संगणक पाळत होता, पण त्यावर माणसाची नजर होती.

११/
मग १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' आला. त्याचे जनक रिचर्ड गॅरियट स्वतः डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळत वाढलेले. या जगात त्यांच्या चमूने पूर्ण निसर्गचक्र योजले होते. सशांवर लांडगे जगतील, आणि शिकार संपली की हिंस्र प्राणी गावाकडे वळतील. प्रत्यक्षात खेळाडूंनी दिसेल तो प्राणी इतक्या वेगाने मारला की चक्र फिरायलाच वाव मिळाला नाही. अखेर ती योजना काढून टाकावी लागली.

१२/
टेबलावर हेच घडले असते तर? गेम मास्टर म्हणाला असता, "ठीक. रान ओस पडले. आता कातडे महागले, शिकारी जमातींवर उपासमार आली, आणि त्यांचा सरदार तुमच्या दाराशी उभा आहे." खेळाडूंनी जग मोडले, तर तीच पुढची गोष्ट होते. संगणकाला ते मोडणे हा बिघाड वाटला, कारण निवाडा देणारे तिथे कोणी नव्हते.

१३/
त्याच वर्षी, ८ ऑगस्ट रोजी, चाचणी संपत असताना गॅरियट आपल्या 'लॉर्ड ब्रिटिश' या राजाच्या रूपात प्रजेसमोर आले. हे पात्र अमर मानले जाई. पण सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर ते अभय लावायचे राहून गेले. एका खेळाडूने अग्निमंत्र टाकला आणि राजा कोसळला. पुढे त्या खेळाडूचे खाते बंद झाले; कारण आधीच्या गैरवापराचे देण्यात आले. राजहत्येसारखा प्रसंग आयता हाती आला असताना त्यातून वारसाहक्काचे युद्ध निघाले नाही, याची हळहळ इतिहासाच्या विद्यार्थिनीला वाटणारच.

१४/
२००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने ही अडचण निराळ्या रीतीने सोडवली. डोक्यावर उद्गारचिन्ह असलेला गावकरी सांगतो, "तूच आमचा तारणहार." आपण मागे पाहतो, तर याच गावकऱ्यासमोर आणखी दहा तारणहार ताटकळत उभे. खेळ सुबक आहे, मीही तो आवडीने खेळले. पण तिथले गाव वाचवून झाल्यावर पुढच्या माणसासाठी पुन्हा संकटात सापडते. तिथे आपले काहीच उरत नाही.

१५/
याच्या उलट उदाहरण सांगण्याजोगे आहे. १९९९ चा 'अशेरॉन्स कॉल' दर महिन्याला नवा कथाभाग आणी. एका दीर्घ कथेत एक दुष्ट शक्ती काही स्फटिकांमुळे कैदेत होती. खेळाडू ते स्फटिक फोडतील आणि ती शक्ती मुक्त होईल, अशी योजना होती. सर्वत्र तसेच घडले. 'थिसलडाउन' या एका सर्व्हरवर मात्र खेळाडूंनी शेवटच्या स्फटिकाभोवती पहारा बसवला.

१६/
ते आळीपाळीने जागत राहिले. फोडायला येणाऱ्यांना ते परतवून लावत. तयार झालेली पुढची कथा अडली. निर्मात्यांना कोडमधील एक ओळ बदलून स्फटिक नाहीसा करता आला असता. त्यांनी तसे केले नाही. ते स्वतः राक्षसांच्या रूपात त्या जगात उतरले आणि पहारेकऱ्यांशी लढले. स्फटिक फुटला, पण नंतर त्या ठिकाणी रक्षकांचे स्मारक उभारले गेले, आणि ते फक्त त्याच सर्व्हरवर. माझ्या मते ऑनलाइन खेळांच्या इतिहासातील हा सर्वांत प्रामाणिक निवाडा. खेळाडू हरले, पण त्यांचे म्हणणे ऐकले गेले आणि जगाने त्याची नोंद ठेवली.

१७/
यंत्राकडून हे काम करून घेण्याचे प्रयत्नही झाले. २००८ च्या 'लेफ्ट फोर डेड'मध्ये एक 'दिग्दर्शक' प्रणाली आहे. खेळाडूंवर किती ताण आला हे मोजून ती झोंबींचे लोंढे सोडते किंवा थांबवते. कीर्तनकार श्रोत्यांचा नूर पाहून आख्यान लांबवतो वा आवरतो, तसे हे काम, आणि ते ती चोख करते. पण तिला लय कळते, हेतू कळत नाही. खेळाडू झोंबीशी तह करू इच्छितो, हे तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

१८/
अलीकडे मला आशा वाटली ती 'हेलडायव्हर्स २' या स्वीडिश खेळामुळे, २०२४ साली. आकाशगंगेतले एक युद्ध सारे खेळाडू मिळून लढतात, आणि ते युद्ध एक हाडामांसाचा गेम मास्टर हाकतो. 'जोएल' हे त्याचे नाव खेळाडूंमध्ये दंतकथेसारखे झाले. एकदा त्यांच्यापुढे दोन पर्याय आले : एक ग्रह जिंकून रणगाडाविरोधी सुरुंग मिळवा, किंवा दुसऱ्या ग्रहावरच्या रुग्णालयातील आजारी मुले वाचवा. खेळाडूंनी शस्त्र सोडून मुले निवडली. त्यावर कंपनीने 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेला ४,३११ डॉलरची देणगी दिली.

१९/
याच खेळात 'मॅलेव्हलॉन क्रीक' या ग्रहावरची हातघाईची लढाई खेळाडूंनी स्वतःहून पुराणकथेच्या पदाला नेली. त्याचे निर्मात्यांनी आधी काही ठरवले नव्हते. पुढे त्यांनी ३ एप्रिल हा तिचा स्मृतिदिन जाहीर केला आणि खेळाडूंना एक विशेष अंगरखा दिला. टेबलावरचा चांगला गेम मास्टर हेच करतो. खेळाडूंनी कशाला जीव लावला आहे, हे तो हेरतो, आणि जगात त्याला जागा करून देतो.

२०/
आता आक्षेप. पहिला संख्येचा : टेबलावर पाच माणसे असतात, इथे पाच लाख. पण थिसलडाउन आणि हेलडायव्हर्स हे दोन्ही दाखले सांगतात की प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्याची गरज नाही. समूहाच्या कृतीला एक ठोस उत्तर मिळाले, तरी त्यातल्या प्रत्येकाला आपली दखल घेतली गेल्याचे समाधान मिळते.

२१/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : सत्तेचा. 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये एका कर्मचाऱ्याने आपल्याच गटाला दुर्मीळ आराखडे मिळवून दिल्याचे २००७ मध्ये कंपनीला मान्य करावे लागले. २००८ मध्ये तिथे खेळाडूंनी निवडलेले प्रतिनिधी मंडळ आले. पंच पक्षपाती निघू शकतो, हे खरेच. त्यावर उपाय पंचाला उत्तरदायी करणे हा आहे, पंच हटवणे नव्हे.

२२/
तिसरा आक्षेप पैशाचा, आणि खरी मेख इथेच आहे. सुरुवातीच्या ऑनलाइन जगांत हे काम मोठ्या प्रमाणात बिनपगारी स्वयंसेवक करीत. २००० मध्ये अल्टिमा ऑनलाइनच्या माजी स्वयंसेवकांनी मजुरीसाठी न्यायालय गाठले. त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. पण फुकटचे श्रम देणे जमत नसेल, तर ते पद पगारी करायचे की काढून टाकायचे, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे. आणि खुर्ची काढून टाकणे नेहमीच स्वस्त पडते.

२३/
आज तिथे भाषिक यंत्रप्रणाली बसवावी, असा विचार जोर धरतो आहे. यंत्र संवाद अखंड रचेल, यात शंका नाही. परंतु आपला निवाडा चुकला तर त्याची लाज वाटणारे आणि दुसऱ्या दिवशी त्याच खेळाडूंना तोंड दाखवणारे कोणीतरी त्या खुर्चीत असावे, असे मला वाटते. व्हर्डीने १८७६ मध्ये कोष्टके बाजूला सारून विश्वास ठेवला तो अनुभवी माणसाच्या जबाबदारीवर. आपण पुन्हा कोष्टकांकडे, फक्त फार मोठ्या कोष्टकांकडे, निघालो आहोत.

२४/
म्हणून खेळ घडवणाऱ्या, विशेषतः इथे पुण्या-मुंबईत या क्षेत्रात शिरू पाहणाऱ्या मित्रमैत्रिणींना सुचवावेसे वाटते : संवाद लिहिण्याआधी महिनाभर एखादे टेबल चालवून पाहा. आपला कट मोडणाऱ्या खेळाडूवर न रागावता "बरे, मग पुढे काय होते?" असे विचारता येते का, ते तपासा. आणि आपल्या खेळात तो प्रश्न विचारण्याचा अधिकार व पगार असलेला एक तरी माणूस ठेवा.

२५/
माझ्या चौलच्या वहीत तो पोर्तुगीज हेर अजून तसाच बसून आहे. त्याला कोणी भेटलेच नाही. गलबताचे नाव मात्र आम्हा सगळ्यांना पाठ आहे. ते खेळाडूंनी ठेवले होते.

धागा समाप्त. काही चुकले असल्यास जाणकारांनी जरूर दुरुस्त करावे.