‘वेडी’ ठरवण्याआधी



आमच्या सल्ला केंद्रात येणारी एक विधवा बाई दूध गॅसवर ठेवून विसरते, हिशेबात चुकते. ‘हिचं डोकं फिरलंय’ म्हणत दिराने घराच्या कागदांवर सही मागितली. ती एचआयव्हीसह जगते हे मला ठाऊक होतं. विसरण्याचा त्याच्याशी संबंध असेल हे मात्र एम.एस.डब्ल्यू. करूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

हा विषाणू मेंदूतल्या संरक्षक पेशींत शिरतो. तिथल्या दाहामुळे स्मरणशक्ती, एकाग्रता मंदावू शकते. औषधांचाही वाटा असतो. एफाविरेंझ ही गोळी वर्षानुवर्षे सरसकट सारख्याच मात्रेत दिली गेली. पण सीवायपी-टू-बी-सिक्स या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार आईबाप दोघांकडून आलेल्यांच्या शरीरातून ती फार सावकाश निघते. रक्तात साठते, चक्कर, भीतिदायक स्वप्नं, गोंधळ वाढू शकतो. भारतीयांत हा प्रकार दुर्मिळ नाही. आता बहुतेकांना तिच्याऐवजी डोल्युटेग्राव्हिर मिळते. पण मधल्या काळात किती जणींनी ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच ऐकलं असेल!

जनुक म्हणजे नशीब नव्हे. उपासमार, रक्तक्षय, दुःख, मारहाण यांनीही स्मृती पोखरते. म्हणून ‘रक्तातच खोट’ हा नवा शिक्का बाईवर बसू देऊ नका. तिची तक्रार लिहून घ्या. गोळ्या परस्पर बंद करू देऊ नका. तिच्या संमतीने डॉक्टरांकडे सोबत जा.

आणि विसरणारीचा घरावरचा हक्क विसरला जाणार नाही, हे दिराला ठणकावून सांगा. आम्ही सांगितलं.