गव्हाण चार आठवडे रिकामी राहू द्या

नोव्हेंबर सरत आला की आमच्या वसईत पहाटे दव पडू लागतं, मांडवावर वालाला फुलं धरतात आणि चर्चच्या आवारात तरुण मुलं बांबू आणून टाकतात. गोठ्याची तयारी. बाजारात चांदण्या लटकतात, घरोघरी करंज्यांच्या आणि कुलकुलांच्या याद्या निघतात. हे सगळं मला मनापासून आवडतं. तरीही धर्मग्रामातल्या माझ्या बंधुभगिनींना एक विनंती करायची आहे. नाताळ त्याच्या वेळेला येणारच आहे, त्याला महिनाभर आधी ओढून आणू नका. मधले चार रविवार आगमनकाळाचे आहेत, ते त्याला द्या.

आगमनकाळ म्हणजे नाताळच्या खरेदीचा हंगाम, असं आपल्या मुलांना वाटू लागलं असेल तर चूक मुलांची नाही. आपण त्यांना दुसरं काही दाखवलेलंच नाही. ख्रिस्तसभेचं वर्ष एक जानेवारीला सुरू होत नाही, ते आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं. संत आंद्रेयाचा सण ३० नोव्हेंबरला असतो, त्याच्या सर्वांत जवळचा रविवार तो पहिला. म्हणून हा काळ कधी २८ दिवसांचा भरतो, तर कधी २२ दिवसांत आटोपतो. २०२३ साली चौथा रविवार नेमका २४ डिसेंबरला आला. सकाळी आगमनकाळाची मिस्सा आणि रात्री नाताळची. चौथा आठवडा एका दिवसाचाही मिळाला नाही. त्या वर्षी माझ्यासारख्या अनेकांची अवस्था अशी झाली की पाहुणा दारात उभा आणि आपण अजून अंगण झाडतो आहोत.

मिस्साला बसल्यावर डोळे उघडे ठेवले तर हा काळ आपोआप कळतो. धर्मगुरूंच्या अंगावर जांभळा झगा असतो. महिमागीत गायलं जात नाही, कारण ते देवदूतांनी बेथलेहेमच्या रात्री गायलेलं गाणं आहे आणि ती रात्र अजून यायची आहे. पण ‘आलेलुया’ मात्र राहतो. उपवासकाळात तोही थांबतो. म्हणजे ख्रिस्तसभा इथे शोक करायला सांगत नाही, वाट बघायला सांगते. तिसऱ्या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी झगा चालतो, आनंद जवळ आल्याची ती खूण. वेदीपुढची फुलंही या दिवसांत बेताचीच असावीत, असं मिस्साच्या नियमावलीत स्पष्ट सांगितलेलं आहे. आपण वसईची माणसं, फुलांच्या वाड्या आपल्या घरच्या, त्यामुळे वेदी भरगच्च सजवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. सजावट करणाऱ्या भगिनींना माझी एवढीच विनवणी आहे की चार रविवार हात आखडता घ्या. २४ तारखेच्या रात्री तीच वेदी फुलांनी भरलेली बघताना लहान मुलाच्याही लक्षात येईल की आज काहीतरी घडलं आहे.

वाट बघणं ही मराठी ख्रिस्ती माणसाला नवी गोष्ट नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्वीट धर्मगुरूंनी मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६ साली गोव्यात राशोलला छापून झालं. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ दोन पुराणांत विभागलेला आहे. पहिल्या पुराणाचे ३६ अध्याय जुन्या कराराचे आहेत. सृष्टीची निर्मिती, आदाम आणि एवा, अब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे, असं करत करत तारणाऱ्याची वाट बघणाऱ्या माणसांची कथा चालते. येशूची कथा त्यानंतर, दुसऱ्या पुराणात. ऐकणाऱ्याला ३६ अध्याय थांबवून ठेवायचं, हा त्या कवीचा केवढा विश्वास! आपल्याला चार रविवारही थांबवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता घरात काय करता येईल ते सांगतो. आगमनकाळाचं चक्र करा. हिरव्या पाल्याचं गोल कडं, त्यात चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. या प्रथेचा उगम मला फार भावतो. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात योहान विखर्न नावाचे ल्यूथरन पाळक अनाथ मुलांचं वसतिगृह चालवत. नाताळला किती दिवस उरले, असं मुलं रोज विचारून भंडावून सोडत. म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर रविवारांच्या चार मोठ्या आणि इतर दिवसांच्या लहान मेणबत्त्या बसवल्या. रोज एक पेटवायची. वाट बघणाऱ्या पोरांना दिवस मोजता यावेत म्हणून केलेली ती सोय होती. पुढे विसाव्या शतकात कॅथलिकांनीही ती आपलीशी केली. बाजारातलं प्लास्टिकचं चक्र आणायची काही गरज नाही. आंब्याच्या डहाळ्या चालतात, नारळीच्या झावळीचं कडं तर फारच छान वळतं. संध्याकाळच्या रोझरीआधी घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हातून मेणबत्ती लावा, घरातला दिवा दोन मिनिटं बंद ठेवा आणि त्या दिवसाच्या शुभवर्तमानाच्या चार ओळी मोठ्याने वाचा. मोबाईल तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत. एवढं पुरे आहे.

आणि गोठा. आमच्याकडची तरुण मुलं कामावरून रात्री लोकलने परत येतात आणि जेवून पुन्हा चर्चच्या आवारात गवत, माती, फळ्या घेऊन बसतात. त्यांचं कौतुक करायला शब्द कमी पडतात. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेच्चो गावात पहिला जिवंत देखावा मांडला, तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव उभं होतं आणि मध्ये गवताने भरलेली गव्हाण होती. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली त्याच ग्रेच्चोला जाऊन गोठ्याविषयीच्या पत्रावर सही केली आणि घराघरांत, चौकाचौकांत ही प्रथा जपा असं सांगितलं. तेव्हा गोठे जरूर करा. फक्त बाळाची मूर्ती २४ च्या रात्रीपर्यंत कपाटात ठेवा. गव्हाण रिकामी राहू द्या. मुलं विचारतील, ‘बाळ कुठाय?’ त्यांनी हा प्रश्न विचारायलाच हवा. कित्येक घरांत अशी रीत आहे की कुणी एखादं चांगलं काम केलं की त्याने गव्हाणीत गवताची एक काडी टाकायची. बाळाला निजायला मऊ बिछाना व्हावा म्हणून. आमच्या घरी एका वर्षी डिसेंबरच्या मध्यापर्यंत सातच काड्या झाल्या होत्या, तेव्हा मोठ्यांनाही लाज वाटली.

आता ज्यासाठी खरं तर लेखणी हातात घेतली, त्याकडे येतो.

आमच्या आळीत एक आजी आहेत, नव्वदीच्या घरातल्या. चर्चला येणं थांबून पाच-सहा वर्षं झाली. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर त्यांच्याकडे कम्युनियन घेऊन जातात. गेल्या डिसेंबरात मी फादरांच्या बरोबर गेलो. आम्ही पोचलो साडेनऊला. आजी लाल लुगडं नेसून, केस विंचरून खुर्चीत बसलेल्या. पुढ्यात स्टुलावर इस्त्रीचं पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी. सून म्हणाली, ‘सहापासून बसल्यात.’ मेणबत्ती दोनदा लावून विझवलेली दिसत होती, वातीजवळ मेण दोन थरांत गोठलं होतं. कम्युनियन झालं, फादरांना पुढची घरं होती, ते दहा मिनिटांत निघाले. मी जरा मागे राहिलो. आजींनी माझा हात धरून विचारलं, ‘घंटा ऐकू येते रे, पण कोण कोण येतं आता?’ मग एकेक नाव घेऊन विचारत राहिल्या. कोण गेलं, कोणाचं लग्न ठरलं, कुणाच्या वाडीत केळी लावली. मला निम्म्या प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत. साडेतीन तास कुणाची तरी वाट बघत तयार होऊन बसणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. आगमनकाळावरची इतकी प्रवचनं ऐकूनही ते कळलं नव्हतं.

असं एखादं तरी घर प्रत्येक आळीत आहे. नाताळगीतं गायला आपले गट जातात ते बहुधा जिथे अंगण मोठं, दिवे जास्त तिथे. या वेळी उलटी सुरुवात करा. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी संत विन्सेंट डी पॉल यांच्या नावाने संस्था सुरू केली, तेव्हापासून त्या संस्थेचे सभासद दोघादोघांनी गरिबांच्या घरी जातात. घरी जाऊन बसायचं, ही त्यांच्या कामाची मुळातली रीत. आपल्याही अनेक धर्मग्रामांत ही मंडळी गाजावाजा न करता वर्षभर राबत असतात. चार आठवडे त्यांच्याबरोबर चला. रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल, घाईत मात्र जाऊ नका.

मिस्साला मागच्या दाराशी उभी राहणारी काही माणसंही तुम्ही पाहिली असतील. केरळची परिचारिका, झारखंडचा बांधकामावरचा मजूर, मुंबईच्या चाळीतून इकडे भाड्याने राहायला आलेलं कुटुंब. त्यांना आपलं मराठी अर्धंच कळतं. शांतीची खूण देताना आपण ओळखीच्याच माणसांकडे वळतो. एकदा मागे वळा, नाव विचारा.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे आणि ती मी माझ्याच घरातली सांगणार आहे. आमच्या वसईत जमिनीचे भाव चढले तशी भावाभावांतली बोलणी बंद झाली. माझं आणि माझ्या चुलत भावाचं बावखलाच्या काठावरच्या चार माडांवरून बिनसलं. अकरा वर्षं आम्ही एकाच चर्चला गेलो आणि एकमेकांच्या बाजूचा बाक टाळला. दर नाताळच्या आधी मी प्रायश्चित्ताला जायचो, २३ तारखेच्या लांब रांगेत उभा राहून दोन मिनिटांत आटपायचो आणि या गोष्टीला हळूच बगल द्यायचो. दर तीन वर्षांनी तिसऱ्या रविवारी लूकच्या शुभवर्तमानातला एक भाग वाचला जातो. लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात की आम्ही करायचं तरी काय? त्याची उत्तरं अगदी साधी आहेत. जवळ दोन कपडे असतील तर एक नसणाऱ्याला दे. जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायाने कुणाला लुबाडू नये. योहान कुणालाही मोठी तपश्चर्या सांगत नाही, ज्याची खोड जिथे आहे तिथेच बोट ठेवतो. ते वाचन ऐकताना मला चार माड दिसायला लागले.

त्याच आठवड्यात मी भावाच्या दारात गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण काही आठवेना. एवढंच म्हणालो, ‘रात्रीच्या मिस्साला बरोबर जाऊया.’ तो काही वेळ गप्प उभा राहिला. मग म्हणाला, ‘वहिनीचे गुडघे दुखतात ना? मी रिक्षा सांगून ठेवतो.’ अकरा वर्षं बोलणं नव्हतं, तरी माझ्या घरातलं दुखणं त्याला ठाऊक होतं. माडांचा निकाल अजून लागलेला नाही. लागेल तेव्हा लागेल. पण मिस्साला आम्ही एका बाकावर बसतो.

म्हणून सांगतो, प्रायश्चित्तासाठी शेवटच्या दोन दिवसांची वाट बघू नका. पहिल्या नाहीतर दुसऱ्या आठवड्यात जा, म्हणजे फादरांना तुमच्याशी बोलायला वेळ मिळेल आणि ज्याच्याशी बोलायचं आहे त्याच्या दारापर्यंत जायला तुमच्या हातात दोन आठवडे उरतील. पहिल्या रविवारी मिस्सा सुटल्यावर लगेच घराकडे वळू नका. फादरांना भेटा आणि म्हणा की मला एक घर सांगा, जिथे कुणी जात नाही. ते घर कोणतं हे त्यांना ठाऊक असतं.