अंगणात लॉन कशाला? परसबाग करा की!

नवीन घर बांधून झालं की पुढच्या दहा बाय दहाच्या जागेचं काय करायचं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. तोवर पैसे संपलेले असतात आणि उत्साहही. मग काहीजण खाली काँक्रीट घालून पेव्हर ब्लॉक बसवतात, तर काहीजण मोबाईलवर बघितलेली हिरवीगार लॉन अंथरतात. दिसायला 'मॉडर्न' दिसतं, नाही असं नाही. पण माझ्या मते दोन्ही पर्याय आपल्या हवेला मानवणारे नाहीत, लॉन तर मुळीच नाही.

जरा हिशोब करून बघा. (सहावी-सातवीच्या मुलांकडूनही करून घेता येईल, क्षेत्रफळाची उजळणी होते.) दहा बाय दहा फूट म्हणजे साधारण ९.३ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. उन्हाळ्यात गवताला रोज ५ मिलिमीटर पाणी धरलं, तर रोजचे ४६ लिटर आणि महिन्याचे जवळजवळ १४०० लिटर! मे महिन्यात आपल्याकडे कितीतरी गावांत टँकरची वाट बघतात, आणि आपण इकडे गवताला पाणी पाजतोय. शिवाय कापणी, तण, खत हे आहेच.

आता पाण्याचीच दुसरी बाजू. ५०० चौरस फुटांच्या स्लॅबवर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ४६० लिटर पाणी खाली येतं. ते पाईपमधून थेट गटारात सोडायचं की बागेतल्या एखाद्या खोलगट वाफ्यात? अंगण पक्कं केलं की हा प्रश्नच संपतो, सगळं पाणी रस्त्यावर.

आपल्या आज्ज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, पण मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळी ठेवायच्या हे त्यांना पक्कं माहीत होतं. ती पद्धत आजही चालते. फक्त कपड्यांच्या पावडरीचं पाणी सोडू नका, भाजी-तांदूळ धुतलेलं सोडा.

झाडं कोणती? दरवर्षी नव्याने लावावी लागणारी मोसमी फुलं कमीच ठेवा, कारण देखभालीचा सगळा वेळ तीच खातात. कढीपत्ता, लिंबू, जास्वंद, अडुळसा, गवती चहा, कोरफड ही मंडळी एकदा रुजली की फारशी तक्रार करत नाहीत. शेवगा हवाच, पण भिंतीपासून लांब, कारण त्याची फांदी ठिसूळ असते. कण्हेर सुंदर दिसते खरी, पण ती विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर नकोच. कुंड्याही मोजक्याच बऱ्या. कुंडीतली माती उन्हाळ्यात रोज सुकते, जमिनीतल्या झाडाची मुळं खोल जातात. कुंडीखालच्या ताटल्यांतलं पाणी आठवड्याला ओतून त्या घासायच्या, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय आपणच करतो.

कढीपत्त्यावर आणि लिंबावर अळ्या दिसल्या की लगेच औषधाचा पंप काढू नका. त्यांतून फुलपाखरं निघतात. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं निळं-काळं 'ब्लू मॉरमॉन' लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. चार पानं कुरतडली तर कुरतडू देत. पुस्तकातलं ते जीवनचक्राचं चित्र मुलांना अंगणात बघायला मिळतंय ना!

आणि एक, वाळलेला पाला जाळू नका. झाडांच्या बुंध्याभोवती तोच चार बोटं जाड पसरा. बुंध्याला अगदी चिकटवू नका, थोडी जागा सोडा. ओल टिकते, तण कमी उगवतं, आणि रविवारी खुरपं घेऊन बसायचं निम्मं काम वाचतं. सुरुवात जूनमध्ये करा. शेवग्याची फांदी आणि गवती चहाचा एखादा ठोंब शेजारी मागितला तर कुणी नाही म्हणत नाही.