पाहुणे मोजता, मग कुलूपही मोजा!

डे ला सोल हे न्यूयॉर्कचं जुनं हिप-हॉप त्रिकूट. त्यांच्या २०१६ च्या 'अँड द अनॉनिमस नोबडी' अल्बमवर एकच शेरा ऐकू येतो, स्वतःचं संपलं म्हणून पाहुणे गोळा केले. स्नूप डॉग, अशर, डेव्हिड बर्न, डेमन अल्बार्न... यादी लांब आहे, मान्य. काही गाण्यांत यजमान शोधावे लागतात, तेही मान्य.

पण मंडळी, पैसा कुणाचा? किकस्टार्टरवर १ लाख १० हजार डॉलर मागितले, चाहत्यांनी ६ लाखांवर दिले!

अन् ही वेळ का आली? १९८९ चा पहिला अल्बम गाजला, पण त्यात इतरांच्या गाण्यांचे तुकडे होते. इंटरनेट आल्यावर त्या हक्कांचा गुंता कंपनीनं वर्षानुवर्षं सोडवलाच नाही. गाणी यांची, कुलूप कंपनीचं. २०१४ मध्ये वैतागून यांनी २५ तास सगळी जुनी गाणी फुकट वाटून टाकली. नव्या अल्बमसाठी तर वादकांकडून २०० तासांवर वाजवून घेतलं आणि त्यातूनच तुकडे उचलले. कुणाच्या बापाची परवानगी नको.

जुनी गाणी रीतसर ऑनलाइन आली ३ मार्च २०२३ ला. तिघांतला डेव्ह १२ फेब्रुवारीलाच गेला होता.