सोवळ्यातली गिटार

मराठी माणसाला दोन गोष्टी शुद्ध लागतात : तूप आणि सूर. तुपातली भेसळ ओळखायला निदान प्रयोगशाळा तरी आहेत. सुरातली भेसळ ओळखायला पहिल्या रांगेतली एक खुर्ची आणि खांद्यावरची एक शाल पुरते. मी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आणि ती वाजवताना पायाशी चार-पाच पेडलं ठेवतो, या दोन गुन्ह्यांबद्दल गेली कित्येक वर्षं माझ्यावर या शुद्धतेच्या कोर्टात खटला चालू आहे. आज मी माझी बाजू मांडणार आहे. वकील दिलेला नाही. होते नव्हते ते पैसे पेडलांत गेले.

पेडल म्हणजे सायकलचं नव्हे. साबणाच्या डबीएवढी एक पत्र्याची डबी असते. गिटारची वायर तिच्यात एका अंगाने शिरते, दुसऱ्या अंगाने निघून अँप्लिफायरकडे जाते, आणि वाटेत डबीच्या पोटात आवाजाचं काहीतरी होतं. वर दोन-तीन बटणं फिरवायला, आणि एक खटका पायाने दाबायला. पायानेच का? तर वाजवणाऱ्याचे दोन्ही हात तारांत गुंतलेले असतात आणि देवाने त्याला तिसरा दिलेला नाही. याहून जास्त गूढ त्यात काही नाही.

आता पोटात काय होतं ते सांगतो. फझ घ्या. आवाजाची लाट डोंगरासारखी वर चढते. आतला ट्रान्झिस्टर म्हणतो, बाबा रे, माझ्या घराचं छप्पर एवढंच. तरी लाट मोठी करून आत कोंबली की तिचे शेंडे छपराला लागून सपाट होतात. बुटक्या दारातून घाईने शिरणाऱ्या नवरदेवाच्या फेट्याचा तुरा होतो तसे. शेंडे छाटले गेले की मूळ स्वराच्या डोक्यावर आणखी वरचे स्वर उगवतात आणि गुळमुळीत आवाजाला दात फुटतात. ओव्हरड्राइव्ह हेच काम जरा मायेने करतो. शेंडे तोडत नाही, चोळून गोल करतो. कंप्रेसर म्हणजे पंगतीत वाढणारी जुनी आत्या : अधाशाच्या पानावर हात आखडता, लाजऱ्याच्या पानावर आग्रह. वॉ-वॉ म्हणजे तुम्ही तोंड उघडत उघडत 'ऊ'चा 'आ' करता तेच. फक्त इथे तोंडाऐवजी पाऊल हलतं.

आणि डिले म्हणजे प्रतिध्वनी. विजापूरच्या गोल घुमटात टाळी वाजवा, ती पुन्हा पुन्हा परत येते. माझ्या मते जगातलं सर्वांत मोठं डिले पेडल ते. 1656 पासून चालू आहे, बॅटरी लागत नाही. दोष एकच, बंद करायचा खटका नाही. 1983 साली जपानच्या बॉस कंपनीने डीडी-2 नावाच्या डबीत तो घुमट घालून पायाशी आणून दिला. आदिलशहाला जरा थांबायला सांगणारं कुणी दरबारात नव्हतं, नाहीतर केवढा दगड-चुना वाचला असता.

एवढ्या निरुपद्रवी डब्या. पण आमच्या मजल्यावर एक काका आहेत, शास्त्रीय संगीताचे जुने रसिक. जिन्यात गाठून ते मला नेहमी एकच वाक्य ऐकवतात, "अरे, खरा सूर बोटांत असतो. हे डबे कशाला?"

मी म्हटलं, "काका, तुमच्या तानपुऱ्याच्या घोडीवर, तारेखाली तो दोरा कशाला?"

काका गप्प झाले नाहीत, काका कधीच गप्प होत नाहीत; पण एक पायरी खाली उतरले. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याच्या घोडीचा माथा अगदी हलक्या उताराचा घासतात, म्हणजे थरथरणारी तार त्याला निसटती शिवत राहते. तिच्याखाली सुती दोरा सरकवला की मगाशी ठणठणणारी तार एकदम मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुंजायला लागते. दोरा केसभर पुढे-मागे झाला तरी गुंजन बदलतं. याला जवारी म्हणतात, आणि त्या दोऱ्याला आपल्या पूर्वजांनी नाव काय दिलंय? जीव! आवाजात जीव ओतणारी, बोटांशी काहीएक संबंध नसलेली, सरकवून जमवायची वस्तू. मी तिला पेडल म्हणतो. सतारिये खुल्या आणि बंद जवारीवरून जन्मभर भांडतात ते भांडणही आमचंच. फक्त त्यांच्याकडे त्याला घराण्याचा मान आहे आणि आमच्याकडे त्याला डबे म्हणतात.

तबल्याचंही तेच. नुसतं चामडं ताणून थाप मारली तर त्यातून निघणारे वरचे स्वर एकमेकांशी बोलत नाहीत. मध्ये काळी शाई चढवली की ते शिस्तीत येतात. 1920 साली 'नेचर'मध्ये सी. व्ही. रामन यांनी आपल्या सहकाऱ्याबरोबर हे शास्त्रशुद्ध दाखवून दिलं. म्हणजे ज्या शुद्ध नादावर काकांची मान डोलते, तो कुणीतरी खटपट करून, घासून, थापून, चिकटवून घडवलेलाच असतो. निसर्गात शुद्ध नाद एकच, डासाचा; आणि त्यावर आपण टाळी वाजवतो ती दाद म्हणून नव्हे.

सोवळं-ओवळं आपल्याला नवं नाही. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बाहेरची वाट दाखवली. तिला मींड येत नाही, तिचे स्वर परके, हे आरोप. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी जिला बोलकं केलं ती पेटी रेडिओच्या दाराबाहेर 31 वर्षं चपला सांभाळत बसली. 1971 साली तिला आत घेऊ लागले, तेही अटी घालून. आज काकांच्या घरी पेटी आहे आणि तिच्यावर भरतकाम केलेलं कापडही आहे. 1971 सालच्याच 'दम मारो दम'मध्ये भूपिंदर सिंगांची इलेक्ट्रिक गिटार सुरू झाली की काकांचा पाय हलतो, हेही मी पाहिलेलं आहे. पायाला सोवळं समजत नाही.

बोटांत सूर असतो, हे मला शंभर टक्के मान्य. पेडल बेसुऱ्याला सुरेल करत नाही. उलट फझ त्याची चूक चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवतो. पण शब्द गळ्यात असतात म्हणून कुणी माइक फोडत नाही. शिवाय इलेक्ट्रिक गिटारचा 'मूळ आवाज' म्हणजे काय? अँप्लिफायरशिवाय ती मच्छरदाणीच्या दोरीइतकी वाजते. तारेची थरथर चुंबकाभोवतीच्या हजारो वेढ्यांत वीज बनते, तेव्हा कुठे ऐकू येते. जिचा जन्मच भेसळीतून, तिला शुद्ध राहा म्हणणं म्हणजे मिसळीला तर्री सोड म्हणण्यासारखं आहे.

आणि या भेसळीचा इतिहास पाहा. एकदा अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सचं एक सज्जन गाणं ध्वनिमुद्रित होत होतं. मध्येच यंत्राचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या बेस गिटारचा आवाज फाटून गुरगुरू लागला. दुसऱ्या कुणी तो पुसून टाकला असता. यांनी ठेवला, लोकांना आवडला. मग ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारं सर्किट केलं, आणि 1962 साली माइस्ट्रो फझ-टोन नावाने तो बिघाड दुकानात आला. 1965 साली रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये तो वापरला; त्याच्या मनात खरं तर तिथे पितळी वाद्यं वाजवायची होती. त्याआधी 1964 साली किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या अँप्लिफायरच्या स्पीकरवर चक्क ब्लेड चालवलं, आवाज फाटावा म्हणून. आमच्या पिढ्यांनी हाच बिघाड परंपरा म्हणून जपला. परंपरा बहुतेक अशाच सुरू होतात.

इथवर माझे शेजारी झाले. पण दुसरं कोर्ट आमच्याच गोतातलं आहे आणि ते जास्त कडक आहे. इथे पेडल चालतं, पण त्याचं कुळ-गोत्र बघून. 1979 च्या सुमाराचा हिरवा ट्यूब स्क्रीमर हवा, आणि आतल्या चिपवर 4558 हा आकडाच नव्हे तर अक्षरंही तीच हवीत. फझमध्ये ट्रान्झिस्टर जर्मेनियमचाच हवा. आता जर्मेनियम उन्हाला फार हळवा. लंडनच्या गारठ्यात गाणारा फझ नागपूरच्या मे महिन्यात कण्हतो. पण पत्रिका जुळली ना, मग झालं! आणि या सगळ्यांचा शालिग्राम म्हणजे क्लॉन सेंटॉर. बिल फिनेगन नावाच्या गृहस्थांनी 1994 पासून सुमारे 8 हजार नग केले, कुणी नक्कल करू नये म्हणून आतल्या सर्किटवर काळा लेप ओतला. लोकांनी तो खरवडून आतलं सगळं पाहिलं, नकलाही झाल्या. तरी मूळ नगाला आज हजारो डॉलर पडतात. खुद्द फिनेगन यांनी पुढच्या पेडलाच्या पत्र्यावर छापून टाकलं की हा गाजावाजा माझा नव्हे. देव स्वतः सांगतोय, नवस बोलू नका. भक्त ऐकायला तयार नाहीत.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक मुलगा आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीतून दोन ट्रान्झिस्टर, चार रोध, एक खटका घेऊन त्याने स्वतः डाग देऊन फझ केला आणि आईच्या पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात बसवला. गणपतीत तो पोरगा वाजवायला उभा राहिला. आवाज असा, की गुरगुरत यायचा आणि टोकाला रडवेला व्हायचा. मी तसा दुसरा ऐकलेला नाही. खाली उतरल्यावर काका म्हणाले, "आवाज खोटा आहे." आमच्यातले एक जाणकार डबा उघडून म्हणाले, "ट्रान्झिस्टर सिलिकॉनचे दिसतात." दोन्ही कोर्टांचं पहिल्यांदाच एकमत झालं. दिवाळीत पाहिलं तर गिटार कपाटावर, आणि डब्यात पुन्हा पोहे.

एवढ्यासाठी माझं भांडण आहे. शुद्धतेच्या कोर्टात कधी वादक हरत नाही. तो आधीच नावाजलेला असतो. हरतो तो नुकता डब्याला भोक पाडून बसलेला.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. पेडलं जरूर वापरा, आणि हाताशी असतील ती वापरा. फझ गिटारच्या लगेच पुढे ठेवा, डिले शेवटी. आधी प्रतिध्वनी आणि मग फझ लावलात तर श्रीखंडावर रस्सा ओतल्यासारखं होतं. पण कुणाला तसंच आवडलं, तर ताट त्याचं आहे. बटणं डोळे मिटून फिरवा. किंमत आणि साल डोळ्यांना दिसतात, कानाला नाही.

त्या मुलाला मी हे सगळं सांगून आलोय. डबा मागून घेतलाय, आईला नवा डबा नेऊन दिलाय. रात्री दुसऱ्या मजल्यावरून गुरगुर ऐकू आली तर काका दार ठोठावणारच. मी त्यांना माझ्याकडे चहाला बोलावणार आहे. तानपुरा घेऊन या म्हटलंय, दोऱ्यासकट.