अडलेली कडी आणि आपला जोर

कुठलीही वस्तू अडली की आपल्या होस्टेलला दोनच औषधं ठाऊक असतात. एक तेल आणि दुसरं जोर. सायकलची चेन असो, खोलीचा कोयंडा असो की कपाटाचं कुलूप; तेल सोडा, नाहीतर हाणा! दोन्हींनी काम झालं नाही तर तिसरा उपाय तयारच असतो : ‘चालायचंच!’ आज मला लिहायचंय ते अगदी एवढ्याशा गोष्टीवर. नव्या घड्याळाच्या स्टीलच्या चेनमधली एखादी कडी ताठ राहते, वळतच नाही, तिच्यावर. विषय वाचून कुणी हसेल. खुशाल हसा. पण आपण इथे चार वर्षं नक्की काय शिकतो, हे या एका कडीवर तपासून बघता येतं, असं माझं ठाम मत आहे.

यंदा आमच्या विंगमधल्या एका मित्राला त्याच्या वडिलांनी घड्याळ घेऊन दिलं. स्मार्टवॉच परीक्षेच्या हॉलबाहेर ठेवावं लागतं, म्हणून साधं काट्यांचं. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. म्हणजे घड्याळाची किंमत बिलावर छापलेली होती, त्याहून जास्त होती, हे वेगळं सांगायला नको. दुकानदाराने मनगटाच्या मापाने दोन कड्या काढून दिल्या. खोलीवर आल्यावर लक्षात आलं की लॉकच्या बाजूच्या दोन कड्या ताठ आहेत. घड्याळ मनगटावर तिरकं बसायचं आणि हाताचे केस ओढले जायचे. झालं! रात्रीच्या मेसपर्यंत विंगभर सल्ले सुरू. एक म्हणाला, “पक्कड आण, दोन झटक्यांत मोकळी करतो.” दुसऱ्याने खोबरेल तेलाची बाटली पुढे केली. आणि फायनल इयरचा एक दादा म्हणाला, “अरे लेका, नवीन आहे. वापर बिनधास्त, आपोआप सैल होईल.”

तिन्ही सल्ले प्रेमाने दिलेले. पण तिघांपैकी एकानेही कडी हातात घेऊन नीट बघितली नव्हती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

आता जरा पुस्तकाकडे वळू. थिअरी ऑफ मशीन्सच्या भाषेत चेनच्या दोन कड्यांमधला प्रत्येक सांधा म्हणजे एक टर्निंग पेअर. बहुतेक चेनमध्ये पिन एका कडीत घट्ट बसते आणि शेजारच्या कडीच्या भोकात मोकळी फिरते. ही मोकळीक किती असते? मशीन ड्रॉइंगला आपण फिट्सचा तक्ता वापरतो, तो काढा. अंदाज यावा म्हणून १ मिलिमीटरची पिन आणि एच७/जी६ हे फिट धरा. मोकळी जागा येते कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त १८ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे कडी अडायला दगड लागत नाही, केसाच्या जाडीहूनही बारीक कचरा पुरतो.

नव्या चेनमध्ये हा कचरा येतो कुठून? बऱ्याचदा कारखान्यातूनच. कड्या चकचकीत करायला जी पॉलिशची पेस्ट लावतात, ती फटीत राहते आणि वाळून बसते. दुसरं कारण म्हणजे कडीच्या कडेला राहिलेला बर. तिसरं, माप कमी करताना पिन तिरकी ठोकली गेली आणि वाकली. काही चेनमध्ये पिनेवर एक बारीकशी नळी असते, ती नीट बसली नाही तरी कडी अडते. आणि स्क्रूची चेन असेल तर कधी कधी स्क्रू जास्त आवळल्यानेही कडी चिमटली जाते. आजार एक, कारणं पाच. मग औषध एकच कसं चालेल?

पक्कडवाल्या मित्राला माझं सांगणं असं. घड्याळाच्या चेनला बहुधा ३१६एल स्टेनलेस स्टील वापरतात. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं, दाबून घासलं की वरचा ऑक्साइडचा पातळ थर फाटतो आणि धातूला धातू चिकटायला लागतो. यालाच गॉलिंग म्हणतात. म्हणजे जोर लावून सोडवायला जावं आणि कडी कायमची जाम व्हावी! शिवाय पकडीचे दात पॉलिशवर उमटतात, ते वेगळंच.

खोबरेलवाल्याचं तर विचारूच नका. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं. डिसेंबरच्या सकाळी बाटली उन्हात ठेवणाऱ्या आपल्याला हे शिकवायला केमिस्ट्रीचे सर लागत नाहीत. शिवाय आत पेस्ट तशीच असताना वर तेल सोडलं, की तेल आणि पेस्ट मिळून नवा चिखल तयार.

पण सगळ्यात फसवा सल्ला तिसरा. ‘वापर, सैल होईल.’ कारण तो अर्धा खरा आहे. कडी सैल होतेही. पण कशी? पॉलिशची पेस्ट म्हणजे घासणारी पूड. ती आत ठेवून कडी हलवत राहिलो, तर आपण पिन आणि भोक घासून बारीक करत असतो. वर्कशॉपमध्ये ज्याला लॅपिंग म्हणतात तेच, फक्त मनगटावर. आजोबांच्या घड्याळाची चेन लोंबायला लागते, तेव्हा घरात म्हणतात ‘चेन ताणली’. स्टील ताणलेलं नसतं. वर्षानुवर्षांच्या धुळीने आणि घामाने पिना आणि भोकं झिजलेली असतात. नव्या चेनला आपणच ते म्हातारपण का आणायचं?

मग करायचं काय? माझा नियम एकच : पहिला उपाय असा हवा, की तो लागू पडला नाही तरी काही बिघडू नये. जे परत फिरवता येत नाही, ते सगळ्यात शेवटी.

म्हणून आधी बघा. चेन बोटावर आडवी टाका आणि दोन्ही बाजूंना लोंबू द्या. मोकळ्या कड्या स्वतःच्या वजनाने खाली पडतात, ताठ कडी तशीच उभी राहते. तिला दोरा बांधून खूण करा. भिंगातून फट बघा. पांढरट, हिरवट किंवा करडं काही दिसलं तर पेस्टचा संशय घ्या. कडी एका ठराविक कोनातच अडत असेल तर कड घासत असेल. सगळीकडे सारखीच जड असेल तर लक्ष पिनेकडे.

मग धुवा. चेन घड्याळापासून सोडवता आली तर उत्तम. नाहीतर घड्याळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून फक्त चेन मगात सोडा. घड्याळावर ३० मीटर लिहिलंय म्हणून ते गरम पाण्यात बुडवायचं नसतं. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, अर्धा तास. मग जुन्या मऊ टूथब्रशने फटी घासा आणि कडी पाण्यातच हळूहळू हलवा, म्हणजे सुटलेली घाण वाहून जाते. स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. तरीही थोडी जड वाटली, तर शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब, आणि वरचं तेल पुसून टाका. एवढं करूनही हलली नाही तर थांबा. पिन स्वतः ठोकू नका.

आमच्या मित्राच्या चेनचं हेच केलं. मगातलं पाणी करडं झालं आणि दोनपैकी एक कडी मोकळी झाली. दुसरी ढिम्म. ती नेमकी दुकानात पिन बसवलेल्या जागेची होती. बिल घेऊन तो दुकानात गेला. काउंटरवर पुन्हा तेच वाक्य : “नवीन आहे, सैल होईल.” मित्राने शांतपणे सांगितलं, “काका, बाकी सगळ्या कड्या पण नवीनच आहेत, त्या वळतात.” यावर उत्तर नव्हतं. पिन काढली, ती वाकलेली निघाली. नवी बसवली, पाच मिनिटांत काम फत्ते, एक रुपया न देता. हीच चेन पकडीच्या दातांचे वळ घेऊन गेली असती, तर दोष कुणाच्या माथी गेला असता, हे सांगायला नकोच.

म्हणून म्हणतो, ‘चालायचंच’ हे सोशिकपणाचं लक्षण नाही, आळसाचं आहे. सदोष वस्तूबद्दल दाद मागायचा हक्क ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने आपल्याला दिलाय, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही आहे. पण हक्क मागायचा तर दोष नेमका कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. ते आपल्याला नाही जमणार तर कुणाला?

जाता जाता आमच्या सरांना एक विनंती. मेट्रॉलॉजी लॅबमधला टूलमेकर्स मायक्रोस्कोप वर्षातून एकदा प्रॅक्टिकलला दिसतो, आणि ओरलच्या दिवशी पुन्हा. महिन्यातला एक शनिवार, दोन तास, तो होस्टेलच्या पोरांना मोकळा करून द्या. कुणी चष्म्याचा स्क्रू आणेल, कुणी कुलूप, कुणी अडलेली कडी. जर्नलमध्ये उतरवून काढलेल्या दहा रीडिंगपेक्षा स्वतःच्या वस्तूतला एक बर डोळ्यांनी बघितलेला जास्त लक्षात राहतो.

पुढे आपल्यापैकी कुणी पुलावर असेल, कुणी टर्बाइनजवळ, कुणी कोडसमोर. तिथेही काहीतरी अडेलच, आणि आजूबाजूला पक्कड, तेल आणि ‘चालायचंच’ घेऊन माणसं उभी असतील. त्यांना जरा बाजूला करून “आधी बघू तरी” म्हणणारा एक जण तिथे लागतो. त्याची सवय होस्टेलच्या खोलीत लागली तर बरं.